ध्वनिसंग्रह हाती घेताना

महाविद्यालयीन ग्रंथालयातील जुन्या कॅसेट आणि तबकड्यांची जबाबदारी आपल्याकडे आली आहे, याबद्दल अभिनंदन. मात्र पहिल्याच आठवड्यात डिजिटायझेशनला हात घालू नका. आधी वक्ता, दिनांक, प्रसंग आणि माध्यम यांची साधी नोंदवही तयार करा, कारण वेष्टनावरील मजकूर आणि आतील ध्वनी यांचा मेळ अनेकदा बसत नाही. (मी स्वतः एकदा व्याख्यानाच्या वेष्टनातून लग्नातील सनई ऐकली आहे.)

नवख्यांच्या हातून सहसा या चुका होतात:

- कॅसेटच्या पाठीमागच्या कडेवरील दोन प्लास्टिकच्या पट्ट्या न तोडताच ती वाजवणे. चुकून ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले गेले, तर मूळ आवाज कायमचा पुसला जातो.
- लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या स्पिरिटने पुसणे. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. या तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्याच ठेवाव्यात.
- केवळ एमपीथ्री प्रत करणे. जतनासाठी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह (आवाजाचा तपशील न गाळता साठवणारी) फाईल ठेवावी, जिला एका तासाच्या स्टिरिओ ध्वनीसाठी सुमारे २ जीबी जागा लागते. एमपीथ्री वाचनकक्षात ऐकवण्यापुरती पुरेशी आहे.

कॅसेट ग्रंथालयाची असली, तरी तिच्यातील ध्वनीचे हक्क ग्रंथालयाचे असतीलच असे नाही. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ६० वर्षे टिकतो, म्हणून संकेतस्थळावर काहीही ठेवण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या. मेटाडेटाच्या (ध्वनिमुद्रणाविषयीच्या माहितीच्या) प्रमाणकांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. दहा कॅसेटची नोंद पूर्ण झाली की पुन्हा लिहा.