तास कुठला बुडतोय, ते आधी विचारा

"मॅडम, आमचा मुलगा तसा नाहीये हो." खुर्चीत बसायच्या आधीच आईंनी सांगून टाकलं. 'तसा' म्हणजे कसा, हे मी तेव्हा विचारलं नाही. शाळेने त्यांच्या चौथीतल्या मुलाला (इथे त्याला सोनू म्हणते) आठवड्यातून चार तासिका रिसोर्स रूममध्ये, म्हणजे शिकताना अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवायच्या शाळेतल्याच खोलीत, पाठवायचं सुचवलं होतं. संमतीचा कागद पर्समध्ये चार घड्या घालून ठेवलेला. वडील म्हणाले, "मीही लहानपणी असाच होतो. काही अडलं नाही." नंतर तासभर ते गप्पच होते.

त्या खोलीत गेला की शिक्का बसणार, पोरं चिडवणार, वर्गातला अभ्यास बुडणार. ही धास्ती घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी येतंच. तिच्यात तथ्य आहे, हे मी आधी कबूल करते. 'काही होत नाही हो' अशी समजूत काढली तर पालक मान डोलावतात आणि कागद कपाटात टाकतात.

सोनू तोंडी विचारलं तर बाष्पापासून पावसापर्यंत सगळं जलचक्र घडाघडा सांगायचा. वहीत मात्र 'घर'चं 'धर', 'बदक'चं 'वदक'. 'दिवस' वाचताना बोट वेलांटीवर अडायचं. ती दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. ओठ हलायचे, मग पुढच्या 'द'वरून अंदाज बांधून तो 'दगड' म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. तपासणीत बुद्ध्यांक सरासरी आला होता. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, हुशार मुलालाही असू शकतो, हे अहवालात लिहिलेलं आईंनी दोनदा वाचलं.

मग शाळेला विचारून त्यांना खोलीच दाखवली. एक टेबल, चार खुर्च्या, वाळूचा ट्रे, आणि मधोमध खिडकी कापलेली पुठ्ठ्याची पट्टी. ही पट्टी ओळीवर ठेवली की एका वेळी एकच शब्द दिसतो. रिसोर्स टीचर एका मुलीला 'पाऊस' शिकवत होत्या. कागदावर रंगीत खडूने हातभर मोठा शब्द, त्यावरून मुलगी दोन बोटं फिरवत होती, तोंडाने शब्द म्हणत होती. पुन्हा, पुन्हा. मग कागद पालथा घालून न बघता लिहायचं. जमलं नाही तर खोडायचं नाही, पुन्हा बोटं फिरवायची. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रेस फर्नाल्ड यांनी १९४३ साली सविस्तर मांडली. भरल्या वर्गात एकेका मुलाबरोबर हे करायला कुठल्या बाईंना सवड मिळणार?

"म्हणजे ही स्पेशल शाळाच ना?" आईंनी विचारलं. नाही. हजेरीपट वर्गाचाच, बाकही वर्गातलंच. विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने हाच आग्रह धरला: मूल नेहमीच्या शाळेत राहावं आणि लागेल ती मदत तिथेच मिळावी.

सही झाली. आणि मग चूक झाली, त्यात मीही होते. वेळापत्रकात सोनूच्या चारांपैकी दोन तासिका चित्रकलेच्या वेळेत बसवल्या होत्या. 'मुख्य विषय बुडत नाहीत' म्हणून मीही मान्यता दिली. तिसऱ्या आठवड्यात तो त्या वेळी स्वच्छतागृहात जाऊन बसायला लागला. कारण विचारल्यावर म्हणाला, "चित्रं फक्त माझीच भिंतीवर लावतात." आठवड्याभरात ज्या तासाला त्याला भाव होता, नेमका तोच आम्ही काढून घेतला होता.

त्या तासिका भाषेच्या वेळेत हलवल्या. वर्गात जो धडा चालू असेल, त्यातलेच शब्द रिसोर्स टीचर घ्यायला लागल्या. वर्गशिक्षिका आणि त्या शुक्रवारी दहा मिनिटं बोलतात. बहुतेक ठिकाणी घोडं पेंड खातं ते इथेच: खोलीत शिकलेलं वर्गाला कळत नाही आणि वर्गाचं खोलीला. तेव्हा सही करण्याआधी विचारा, मूल कुठल्या तासाला बाहेर जाणार, लेखी वैयक्तिक आराखड्यात येत्या काही महिन्यांसाठी नेमकं काय ठरलंय, तपासणार कधी आणि तासिका कमी कशावरून करणार. 'वाचन सुधारेल' एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा.

चिडवणं झालंच. एकाने 'ढ' म्हटलं. वर्गशिक्षिकांनी "रिसोर्सवाले उठा" असा पुकारा बंद केला, सोनू आता घड्याळ बघून आपणच निघतो. त्याच्याकडून एक उत्तरही घोटून घेतलं: "मला वाचायला वेगळी पद्धत लागते, ती शिकायला जातो." पहिल्यांदा तो हे जमिनीकडे बघत म्हणाला. वर्गात कधी म्हणाला की नाही, ठाऊक नाही.

आता तो पाचवीत आहे. तासिका चारच्या दोन झाल्या. वेलांटी सुटली, जोडाक्षरांशी अजून झटापट चालते. मोठी उत्तरं तो तोंडी देतो. मागच्या आढावा बैठकीला वडील एकटेच आले आणि तासिकेला बसू का, विचारलं. त्या बुटक्या खुर्चीत गुडघे जवळ घेऊन ते शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मी सगळं पाठांतरावर निभावलं, मॅडम. ऑफिसात मोठं पत्र आलं की अजून शेजारच्याला वाचायला देतो." पुठ्ठ्याची एक पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.