कसलेला, होतकरू आणि हातचे: बेसबॉलमधील सौद्यांची भाषा

न्यू जर्सीत राहणारे एक वाचक विचारतात: "बेसबॉलमध्ये एखादा संघ चार-पाच तरुण खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि त्यांच्या मोबदल्यात तिथला एक नामवंत खेळाडू घेतो. अशा सौद्यांविषयी मराठीत लिहिताना आम्ही 'उदयोन्मुख खेळाडूंच्या बदल्यात प्रस्थापित तारा' असे लिहितो आणि सौदा अंगाशी आला की 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागले' असा शेरा मारतो. हे शब्द बरोबर आहेत काय?"

बरोबर नाहीत. दोन्ही विशेषणे चुकीची आहेत आणि म्हण उलटी लावलेली आहे.

'उदयोन्मुख' या शब्दाचा उगवत्या सूर्याशी असलेला संबंध सांगण्यात वेळ घालवत नाही. माझी तक्रार अशी आहे की हल्ली हा शब्द निव्वळ वय पाहून चिकटवला जातो. २ ऑगस्ट २०२२ रोजी सॅन डिएगो पाद्रेजने वॉशिंग्टन नॅशनल्सकडून हुआन सोटो आणि जॉश बेल यांना घेतले आणि त्यांच्यासाठी सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना हे तरुण आणि लूक वॉइट हा एक जुना खेळाडू देऊन टाकला. यातील सोटोचा जन्म ऑक्टोबर १९९८ चा आणि गोरचा फेब्रुवारी १९९९ चा. म्हणजे ज्याला आपण 'तारा' म्हणतो तो आणि ज्याला 'उदयोन्मुख' म्हणतो तो यांच्या वयात जेमतेम चार महिन्यांचे अंतर होते. फरक वयाचा नव्हताच. सोटो २०१८ पासून मेजर लीग या सर्वोच्च पातळीवर खेळत होता आणि २०१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकलेल्या संघात होता, तर गोरने २०२२ च्याच एप्रिलमध्ये पदार्पण केले होते. एकाची परीक्षा झालेली होती, दुसऱ्याची नुकती सुरू झाली होती. हा फरक नेमका सांगणारा 'होतकरू' हा शब्द मराठीत असताना त्याला अडगळीत टाकून लोक 'उदयोन्मुख' का घेतात, हे मला उमगलेले नाही. एकेकाळी 'उमेदवार' हाही शब्द या कामाला चालला असता, कारण कचेरीत किंवा वकिलाकडे पुढच्या आशेवर राबणाऱ्या शिकाऊ माणसाला उमेदवार म्हणत आणि फारसीतील 'उमेद' त्यात अजून जागी होती; परंतु निवडणुकांनी तो शब्द पुरता गिळला आहे.

'प्रस्थापित' तर त्याहून वाईट. साठोत्तरी साहित्यातील बंडखोरांनी या शब्दाला जो अर्थ दिला तो आता त्याच्या अंगातून निघणार नाही: प्रस्थापित म्हणजे सत्तेच्या जागा अडवून बसलेला, ज्याच्याविरुद्ध बंड करायचे तो. 'प्रस्थापित पिचर' (पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा) असे वाचले की त्या बिचाऱ्याविरुद्ध कोणीतरी मोर्चा काढणार आहे असे वाटते. इंग्रजी शब्दाला संस्कृत उपसर्ग आणि धातू जोडून प्रतिशब्द पाडण्याच्या सवयीचे हे फळ आहे.

इथे हवा असलेला शब्द 'कसलेला' हा आहे. कसलेला नट, कसलेला पैलवान आणि तसाच कसलेला पिचर. या शब्दाची कुळकथा मला अतिशय प्रिय आहे आणि ती बेसबॉलला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्याही खेळाला लागू पडत नाही. संस्कृतात दोन धातू आहेत. 'कृष्', कर्षति, म्हणजे ओढणे, आणि त्यातूनच नांगर ओढणे. कृषी, कर्षक हे शब्द याचेच. दुसरा 'कष्', कषति, म्हणजे घासणे. सोने घासून पाहण्याचा दगड तो निकष, आणि कषपट्टिकेची झीज होत होत झालेली ती आपली कसोटी. मराठीत येईपर्यंत या दोन्ही धातूंचे उच्चार झिजून एकच झाले. म्हणून शेतकरीही जमीन कसतो आणि सोनारही सोने कसतो. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा पहिल्या धातूची, 'कसाला उतरणे' हा वाक्प्रचार दुसऱ्याचा.

व्युत्पत्तीचे काही जाणकार इथे हटकतात. त्यांचे म्हणणे असे की 'कसलेला नट' मधील 'कसलेला' हा फक्त सोनाराच्या दगडावरून आलेला आहे, त्यात नांगर घुसडू नये. मला हे मुळीच मान्य नाही. ज्या भाषेत जमिनीलाही कस असतो आणि सोन्यालाही कस असतो, ज्या भाषेत सकस, निकस आणि कसदार हे शब्द माती, चारा, अन्न आणि लेखन या सगळ्यांना सारखेच लागतात, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी दोन 'कसणे' मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते असे मानणे म्हणजे कोशातील नोंदींच्या क्रमांकांना माणसांच्या डोक्यात शोधण्यासारखे आहे. धातू दोन असतील. शब्द मात्र बोलणाऱ्याने एकच करून टाकला आहे. माझा तर्क असा आहे की 'कसलेला' या विशेषणाचे वजनच या दुहेरी वारशातून येते: ज्याच्यावर मेहनत झाली आहे आणि ज्याची पारख झाली आहे, असा तो. या तर्काला लेखी पुरावा मागणाऱ्यांनी तो खुशाल मागावा. बोलीतील अर्थांची सरमिसळ ताम्रपटावर कोरून ठेवण्याची पद्धत नव्हती.

आता बेसबॉलकडे पाहा. १९२० च्या दशकात सेंट लुई कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी खालच्या दर्जाचे संघ स्वतःच्या ताब्यात घेऊन तिथे पोरे घडवण्याची रीत बसवली आणि त्या सगळ्या व्यवस्थेला अमेरिकेत 'फार्म' म्हणजे शेत हेच नाव पडले. म्हणजे होतकरू खेळाडू जिथे कसला जातो ते शेत, आणि मेजर लीग ही कसोटी. ज्या दोन टोकांमधील देवघेव आपण मोजतो आहोत ती दोन्ही टोके मराठीने एका क्रियापदात आयती बांधून ठेवलेली असताना 'प्रस्थापित' लिहिणाऱ्याला काय म्हणावे? शिवाय या शब्दात एक खट्याळ सोयही आहे. घेतलेला तारा निस्तेज निघाला की चाहत्यांना मधले 'ले' गाळून 'हा कसला खेळाडू?' असे विचारता येते. डिसेंबर २०१५ मध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सने पिचर शेल्बी मिलरसाठी तीन खेळाडू दिले, त्यांत नवोदितांच्या त्याच वर्षीच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्यांनी सर्वांत प्रथम उचललेला डॅन्सबी स्वॉन्सन होता. मिलरने २०१६ चा मोसम ३ विजय आणि १२ पराभव असा संपवला, आणि स्वॉन्सनने पुढे २०२१ मध्ये अटलांटाकडून वर्ल्ड सिरीज जिंकली. ॲरिझोनाच्या चाहत्यांना 'ले' गाळण्याचा पूर्ण अधिकार होता.

राहिली म्हण. 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी' ही म्हण होतकरू पोरे देणाऱ्या संघाला लावणारे लोक एक साधी गोष्ट विसरतात, ती ही की या सौद्यात पळते ते होतकरू पोरच असते. ते हाती लागेल की निसटेल हे कोणालाच ठाऊक नसते. जुलै २००८ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सने क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथिया घेतला तेव्हा दिलेल्या पोरांत सर्वांत मोठे नाव मॅट लापोर्टा या फलंदाजाचे होते, आणि एक खेळाडू कोण द्यायचा हे मागाहून ठरवायचे होते. लापोर्टा चार मोसमांत विझला. मागाहून ठरलेला मायकेल ब्रँटली मात्र पाच वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला. तिकडे सबाथियाने उरलेल्या मोसमात ११ सामने जिंकून २ गमावले आणि ब्रुअर्सला १९८२ नंतर प्रथमच बाद फेरीत नेले. डिसेंबर २००७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने फ्लॉरिडाला सहा खेळाडू दिले, त्यांत अँड्र्यू मिलर आणि कॅमेरॉन मेबिन ही त्या काळची फार मोठी आशास्थाने होती. बदल्यात मिगेल काब्रेरा आला, ज्याने २०१२ मध्ये ट्रिपल क्राउन, म्हणजे फलंदाजीच्या तिन्ही मुख्य आकड्यांत आपल्या लीगमध्ये पहिला येण्याचा मान, मिळवला आणि तसे करणारा तो १९६७ नंतरचा पहिलाच खेळाडू ठरला. काब्रेरा घेणाऱ्यांनी हातचे सोडले नव्हते, पळते देऊन हातचे घेतले होते.

परंतु इथे म्हणीच्या बाजूनेही बोलावे लागते, कारण 'हातचे' किती दिवस हातचे राहणार हा या सौद्यांचा खरा गाभा आहे. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत आपल्या संघाशी बांधलेला असतो आणि त्यातील पहिली वर्षे तर अगदी स्वस्तात खेळतो. मोसमाअखेर करार संपणारा तारा जुलैअखेर घेतला तर तो दोन-तीन महिन्यांनी दार उघडून निघून जाऊ शकतो. चार पारड्या देऊन दुभती म्हैस आणावी आणि ती वेताच्या अखेरीला आलेली असावी, असा तो प्रकार आहे. सबाथिया त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. १९९० च्या ऑगस्टअखेर बॉस्टनने ३७ वर्षांच्या लॅरी अँडरसनसाठी, म्हणजे फक्त २२ डावांच्या गोलंदाजीसाठी, जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. बॅगवेलने पुढे ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात पोहोचला. बॉस्टन त्या वर्षी आपला गट जिंकले, पण ओकलंडने त्यांना सलग चार सामन्यांत घरी पाठवले. (अशा पाहुण्या खेळाडूला 'भाडोत्री' म्हणण्याची लकब मराठी समाजमाध्यमांवर दिसते, ती सोडावी. भाडोत्री हा शब्द आता मारेकऱ्यांच्या संगतीत बिघडला आहे. 'उसना' म्हणावे, त्यात परत जाण्याची सूचना आहे आणि शिवी नाही.)

तेव्हा चाहत्यांनी सौदा जोखायचा कसा आणि कोणत्या क्रियापदाने? इथे 'फसला', 'अंगाशी आला' आणि 'महाग पडला' ही तीन क्रियापदे सरसकट एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि माझा सर्वाधिक राग याच सवयीवर आहे. १२ ऑगस्ट १९८७ चे उदाहरण घ्या. डेट्रॉइटने ३६ वर्षांच्या डॉइल अलेक्झांडरसाठी वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. स्मोल्ट्झ त्या उन्हाळ्यात ग्लेन्स फॉल्स येथील डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) संघात ४ सामने जिंकून १० हरला होता आणि त्याच्या खात्यावर दर नऊ डावांमागे साडेपाचांहून अधिक धावा चढत होत्या. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी ११ सामन्यांत सुरुवात केली, ९ जिंकले, एकही गमावला नाही, आणि हीच सरासरी १.५३ राखली. अखेरच्या तीन सामन्यांत टोरोंटोला सलग हरवून डेट्रॉइटने गट दोन सामन्यांच्या फरकाने जिंकला. पुढे मिनेसोटाने त्यांना हरवले, अलेक्झांडर त्या मालिकेतील आपले दोन्ही सामने हरला आणि दोन वर्षांनी निवृत्त झाला. स्मोल्ट्झने २१३ विजय आणि १५४ सेव्ह (म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी राखलेले सामने) मिळवले व २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेट्रॉइटचे चाहते आजही म्हणतात की आपण फसलो. कसे फसले? फसणे म्हणजे जे विकत घेतले ते न मिळणे. त्यांना अलेक्झांडरकडून गट जिंकून हवा होता आणि तो मिळाला. किंमत मात्र वीस वर्षे फेडावी लागली. याला मराठीत महाग पडणे म्हणतात. मिलरच्या बाबतीत ॲरिझोना फसले. बॅगवेलच्या बाबतीत सौदा बॉस्टनच्या अंगाशी आला, कारण ज्या लाभासाठी तो केला तो त्यांच्या हाती महिनाभरच टिकला.

आपण सोटोच्या सौद्यासाठी ही म्हण वापरली असावी असे वाटते, म्हणून तेवढे सांगतो. सोटोने वॉशिंग्टनचा १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारलेला होता, त्यामुळे वॉशिंग्टनच्याच हातून तो निसटत होता आणि पळत्याला सोडून हातचे घेण्याचा शहाणपणा त्यांनी केला असे म्हणता येईल. पाद्रेजला तो २०२४ च्या अखेरपर्यंत, म्हणजे अडीच मोसम मिळणार होता. पहिल्याच वर्षी ते नॅशनल लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी त्याला यँकीजकडे देऊन पिचर मायकेल किंग आणि आणखी काही खेळाडू पदरात पाडले. तिकडे एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला आणि गोर व वुड २०२५ मध्ये. तेव्हा आपल्या वाक्यात 'कसलेल्या सोटोसाठी पाद्रेजने होतकरू पोरे दिली आणि सौदा महाग पडला' असे लिहावे. 'फसला' लिहू नये, आणि म्हण काढून टाकावी.