जमिनीखालचं उरलेलं तेल काढायला गॅस तिथंच खाली तयार करता येतो का?

हो, येतो, आणि त्यासाठी चक्क युरिया वापरता येतो, शेतात टाकतो तोच. बघा, नुसतं पाणी ढकलून तेल काढलं तरी निम्म्याहून जास्त तेल बऱ्याचदा खडकातच अडकून राहतं, मग तिथं कार्बन डायऑक्साइड सोडला की तो तेलात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि सरकायला लागतं. पण हा गॅस आणायचा कुठून? पाइपलाइन, कॉम्प्रेसर, वर पाण्यात मिसळला की लोखंड गंजतं ते वेगळंच, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर तर जागेचीच बोंब.

म्हणून युरिया पाण्यात विरघळवून विहिरीतून आत सोडायचा, गार पाण्यात तो शांत असतो पण खाली शंभर डिग्रीच्या आसपास तापलं की हळूहळू फुटतो आणि अमोनिया नि कार्बन डायऑक्साइड सुटतात. हिशोबाने ६० ग्रॅम युरियातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वाईट नाही. शिवाय अमोनियाने पाणी अल्कलाइन होतं, त्यामुळे आम्लयुक्त तेल असेल तर तिथल्या तिथं साबण बनतो आणि तेल सुटायला मदत होते, हा बोनस.

गोची एकच, खालच्या पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर चुनखडी साचून खडकाची छिद्रंच बुजू शकतात. आणि साठा थंड असेल तर युरियाच्या नादाला लागूच नका.