बहिरी ससाणा आणि त्याचे न बिघडलेले कान

प्रश्न असा आला आहे: ‘वाळक्या फांदीवर बसलेल्या एका शिकारी पक्ष्याचा फोटो काढला. दाखवल्यावर एकाने तो बहिरी ससाणा असल्याचं सांगितलं. हा पक्षी बहिरा असतो म्हणून त्याला हे नाव पडलं का? शिवाय इंग्रजीतल्या हॉकला मराठीत ससाणा म्हणावं की बाज?’

बहिरा नसतो. हे मी आजवर इतक्यांदा सांगितलं आहे की आता माझेच कान किटले आहेत. तरी दर हिवाळ्यात कुणीतरी एक झकास फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘निसर्गाची किमया पाहा, ऐकू येत नसूनही केवढा तरबेज शिकारी!’ अहो, ऐकू येतं त्याला. पक्ष्यांना बाहेरून दिसणारे कान नसतात, डोळ्यामागे पिसांखाली कानाची भोकं असतात. ती याही पक्ष्याला आहेत आणि धड चालतात.

या बहिरेपणाला आधार म्हणून ज्या कथा रचल्या जातात त्या तर अफाट आहेत. म्हणे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने सूर मारताना वारा कानात घुमतो, म्हणून तो बहिरा. वेग खरा आहे, बाकी सगळी भर. दुसरी कथा म्हणजे पाळीव ससाण्याच्या डोक्यावर चामड्याची टोपी घालत, म्हणून तो बहिरा. टोपीने डोळे झाकतात हो! त्या हिशोबाने आंधळा ससाणा म्हणायला हवं होतं.

मुळात इतकं लांब जायची गरजच नाही, शाळेतलं व्याकरण पुरे आहे. ‘बहिरा’ हे आकारान्त विशेषण, संस्कृत ‘बधिर’वरून आलेलं. ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: बहिरा मुलगा, बहिरी मुलगी, बहिरं पोर. ससाणा पुल्लिंगी. त्याला ऐकू येत नसतं तर तो ‘बहिरा ससाणा’ झाला असता. ‘पांढरी घोडा’ कुणी म्हणतं का? याउलट फारसी-अरबी वळणाची ईकारान्त विशेषणं लिंगाप्रमाणे हलत नाहीत. सरकारी बंगला, सरकारी गाडी. शिकारी कुत्रा, शिकारी कुत्री. ‘बहिरी’ या दुसऱ्या पंगतीत बसणारा शब्द आहे.

यावर एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी मला सुनावलं की शिकारीला मादी वापरत, ती नरापेक्षा चांगली मोठी असते, म्हणून स्त्रीलिंगी ‘बहिरी’. मादी मोठी असते हे खरं. पण मग पुढे ‘ससाणी’ का नाही? विशेषणापुरती मादी आणि नामापुरता नर, असा पक्षी अजून कुणाच्या कॅमेऱ्यात आलेला नाही.

तर हा शब्द मुळात ‘बहरी’. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र. बहरीन या देशाच्या नावात तोच आहे, त्याचा अर्थ ‘दोन समुद्र’. बहरी म्हणजे समुद्राचा, समुद्रावरचा. अरब शिकारी आजही या पक्ष्याचे दोन भेद करतात, शाहीन बहरी आणि शाहीन जबली, म्हणजे दर्याचा आणि डोंगराचा. का म्हणून विचाराल तर तो हिवाळ्यात कुठे दिसतो ते आठवा. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून उतरणारे हे ससाणे किनारे, खाड्या, मोठे तलाव धरून राहतात, कारण बदकं आणि चिखलपक्षी तिथेच असतात. अमेरिकेत याच पक्ष्याला पूर्वी बदकांचा ससाणा म्हणत. लॅटिन नावातल्या ‘पेरेग्रिनस’चा अर्थ परदेशी, वाटसरू. एकाने त्याला दर्यावर्दी म्हटलं, दुसऱ्याने मुशाफिर, आणि आपण? आपण त्याच्या कानांवर संशय घेतला.

बहरीचं बहिरी होणं अगदी मराठमोळं आहे. ‘ह’ला चिकटलेलं ‘र’ आपल्या जिभेला अवघड जातं, मग आपण मध्ये एक स्वर घुसवतो, आणि तोही शेजारचा बघून. मेहरचं मेहेर झालं, मोहरचं मोहोर. इथे शेवटी ‘री’ असल्यामुळे आत ‘इ’ शिरला. त्यात ‘बहिरी’ हा ओळखीचा शब्द आधीच घरात होता. अनोळखी पाहुण्याला ओळखीचे कपडे चढवले, झालं.

आणि आता माझा लाडका पुरावा. अहमदनगरच्या निजामशाहीचं घराणं स्वतःला ‘बहरी’ म्हणवत असे. १४९० मध्ये ही शाही उभी करणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन बहरी, बहमनी दरबारातला बडा असामी, मूळचा ब्राह्मण. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते या हसनच्या वडिलांचं नाव भैरव, त्याचा दरबारी उच्चारात झालेला अपभ्रंश म्हणजे बहरी. दुसरं मत असं की त्याच्याकडे सुलतानाच्या शिकारी पक्ष्यांची व्यवस्था होती, म्हणून तो बहरी. भैरववाले लोक हा दाखला घेऊन माझ्या अंगावर येतात आणि म्हणतात, बघा, बहिरी म्हणजे भैरव, तोच पक्ष्यालाही लागला! माझं म्हणणं उलट आहे. ‘भैरव’ हा उच्चार दरबारी लोकांच्या तोंडी ‘बहरी’तच का जाऊन पडला असेल? कारण तो शब्द तिथे रोज ऐकू येत होता, कुणाच्या तरी मनगटावर बसलेल्या पक्ष्याला उद्देशून. पक्ष्याचा शब्द आधी, माणसाचं आडनाव नंतर. हे मी छातीठोकपणे सांगतो आणि यावरून दोन मित्र गमावले आहेत.

समुद्राला विरोध करणारे आणखी एक बोट दाखवतात: आपल्याकडचा कायम वस्तीचा शाहीन, म्हणजे बहिरी ससाण्याचीच एक उपजात, तर कडेकपारीत राहतो, त्याचा समुद्राशी काय संबंध? शाहीन म्हणजे शाही, राजेशाही, त्यात समुद्र नाही हे कबूल. पण या शाहीनचं शास्त्रीय वर्णन सुंदेवाल या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये केलं ते कुठल्या नमुन्यावरून, माहीत आहे? श्रीलंका आणि सुमात्रा यांच्या दरम्यान, भर समुद्रात, एका जहाजावर येऊन उतरलेल्या पक्ष्यावरून. व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून हे शून्य किमतीचं आहे, हे मलाही कळतं. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

हां, हॉक. ‘ससाणा’ आला संस्कृत ‘शशादन’वरून, म्हणजे ससा खाणारा. अमरकोशात शशादन, पत्री आणि श्येन एकापाठोपाठ दिले आहेत. शशकचा ससा झाला, खादनचं खाणं झालं, त्याच वाटेने शशादनचा ससाणा. गंमत म्हणजे बहिरी ससाणा मुख्यतः हवेतल्या हवेत पक्षी मारतो, सशाच्या वाट्याला फारसा जात नाही. म्हणजे ‘बहिरी ससाणा’ या नावात विशेषणाचा अर्थ चुकीचा लावला जातो आणि नाम भलत्याच पक्ष्याचं आहे. तरीही इंग्रजीतल्या फाल्कनला, म्हणजे बहिरी ज्यात मोडतो त्या गटाला, ससाणा हे आता रूढ झालं आहे, ते मोडू नये. हॉकसाठी शिक्रा, बाज हे शब्द आहेत, ते वापरा. (हा बाज फारसी. कावेबाजातला बाज वेगळा आणि झोपायची बाज तिसरीच.) दोन्ही गटांना एकाच नावात कोंबणं आता शोभतही नाही. २००८ पासूनच्या जनुकीय अभ्यासांत ससाणे हे शिक्रा, घार, गरुड यांच्यापेक्षा पोपटांना जवळचे निघाले आहेत.

फोटो मी नीट मोठा करून पाहिला. बहिरी ससाण्याचा डोळा गडद तपकिरी, जवळजवळ काळा असतो, भोवती पिवळं कडं आणि गालावर मिशीसारखा जाड काळा पट्टा. पंख लांब, टोकदार, बसल्यावर जवळपास शेपटीच्या टोकापर्यंत पोचणारे. तुमच्या पक्ष्याचा डोळा लालभडक आहे, मिशी औषधालाही नाही, गळ्यावर मधोमध एक पुसट रेघ, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, आणि शेपटी पंखांच्या खाली चांगली लांब लोंबते आहे. हा शिक्रा, बहुतेक नर. ज्याने बहिरी ससाणा सांगितलं, त्याच्या डोळ्यांची तपासणी करून घ्या.