पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या तरी निळा धूर: इंजिन परत खोलायचं का?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात घरीच जुन्या स्प्लेंडरचं इंजिन खोललं, ब्लॉक तोच ठेवून पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या. २०० किलोमीटर झाले, धूर आधीपेक्षा कमी आहे, पण गाडी "अजून निळा मारूनच राहिली". परत खोलू का?

भाऊ, आज पान्याला हात लावू नका. निळा धूर म्हणजे आत तेल जळतंय. धूर कमी झाला म्हणजे काहीतरी जमलंय. आता तो नेमका केव्हा येतो ते बघा. वर्धा रोडचा उड्डाणपूल यासाठी बरा. चढताना जोर दिल्यावर धूर आला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे ब्लॉकमधलं ते गोल भोक ज्यात पिस्टन वर-खाली होतो. उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडा आणि खाली आल्यावर पिळा, तेव्हा मागे ढग निघाला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून सरकते ती गाईड, तिच्या तोंडावरचं रबर ते सील), कारण थ्रॉटल बंद असताना इनलेटमध्ये ओढ वाढते आणि हेडमधलं (ब्लॉकवरच्या व्हॉल्व्हच्या भागातलं) तेल गाईडवाटे आत खेचलं जातं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच भसकन धूर आणि मिनिटभरात साफ, हेही सीलचंच लक्षण. तेल पट्टीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तर भरलं नाही ना, हे सगळ्यात आधी बघा. अर्ध्या लोकांचं काम तिथेच होतं.

खात्री करायला प्लग काढून भोकातून ५ ते १० मिली इंजिन ऑइल सोडा, चार-पाच किका मारून ते पसरू द्या, मग प्लग लावून किकचा जोर बघा. किक एकदम कडक झाली तर गळती रिंगांतून आहे. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. सीलचा दोष मात्र यात दिसत नाही. त्यासाठी वरची धुराची परीक्षाच.

आता खरी शंका सांगतो: जुना ब्लॉक. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही, वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे जास्त झिजतो. ५० मिलिमीटरची नवी गोल रिंग अशा बोअरमध्ये नीट टेकतच नाही. बोअर गेज नसला तरी मोजता येतं. नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून ब्लॉकच्या तळाशी बसवा आणि टोकांमधली फट फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, मग तीच रिंग वर आणून मोजा. तळाशी ०.२५ आणि वर ०.५५ आली, तर फरक ०.३०. त्याला ३.१४ ने भागा: वरचा व्यास जवळपास ०.१ मिलिमीटरने मोठा. एवढ्या फरकावर रिंगा बदलून उपयोग नाही, बोरिंगच हवं, म्हणजे बोअर मशीनवर कापून मोठा आणि पुन्हा गोल करणं. आणि आधी पिस्टन, मग बोरिंग. घाट रोडच्या दुकानातून २५ किंवा ५० साईजचा (मूळ मापापेक्षा ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा) पिस्टन घ्या आणि तोच बोरिंगवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो मोजून फट ठेवेल.

बोरिंगनंतर दगडाने बोअरमध्ये बारीक तिरप्या रेघा मारतात, ते होनिंग. त्यानंतर ब्लॉक नुसता पेट्रोलने धुणं ही घरच्या कामातली सगळ्यात महागडी चूक. पेट्रोलने तेल निघतं, पण दगडाची बारीक भुकटी त्या रेघांमध्येच राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढऱ्या कापडाला तेल लावून आतून पुसा, कापड करडं येत असेल तर पुन्हा धुवा. लगेच तेल लावा, नाहीतर गंज धरतो.

रिंगांवरची खूण वर, तिन्हींची तोंडं १२० अंशांवर, पिस्टनवरची 'आयएन' खूण इनलेटकडे. गजन पिनचं (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचं) लॉक नवंच वापरा आणि बसवताना खाली क्रँककेसच्या तोंडावर कापड कोंबा. लॉक एकदा आत पडलं की संध्याकाळ गेली.

रिंगा बसायच्या तर इंजिनला थोडा भार लागतो. अंगणात अर्धा तास आयडलला ठेवलं तर बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. वर एअर-कूल्ड इंजिन, वाऱ्याशिवाय, नागपूरच्या मे महिन्यात! ट्यूनिंगला थांबावंच लागलं तर समोर टेबल फॅन ठेवा. कूलर नको, तापल्या फिन्सवर पाण्याचे तुषार नकोत. पहिले ५०० किलोमीटर सकाळी सहाच्या सुमारास काढा, ४०-५० च्या आत, वेग कमी-जास्त करत. तेल एकदा १०० च्या आसपास आणि पुन्हा ५०० ला बदला. डब्यावर 'जासो एमए' हवं (तेलात बुडालेल्या बाईकच्या क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी खूण), कारचं तेल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

म्हणून तुम्ही ५०० पर्यंत चालवा. धूर घटत गेला तर रिंगा बसताहेत, खोलू नका. तेवढाच राहिला आणि उड्डाणपुलाने सील सांगितलं, तर फक्त हेड. तरी पॅकिंग दोन्ही, हेडखालचं आणि ब्लॉकखालचं, आणून ठेवा, कारण हेड उचलताना ब्लॉकही हलतो आणि खालचं पॅकिंग गळायला लागतं. कॅम चेन (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी) तारेने बांधून ठेवा, आत पडू देऊ नका. तांब्याचा वायसर ज्या स्टडवर होता तिथेच परत गेला पाहिजे. जोडून झाल्यावर किक मारण्याआधी मॅग्नेट हाताने उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, दोन पूर्ण फेरे फिरवा. मॅग्नेटवरची टी खूण केसवरच्या खुणेशी आली की कॅमच्या दातरीची खूणही हेडवरच्या खुणेशी जुळलीच पाहिजे. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय.