मुलगा शाळेत टिकत नाही पण सुताराच्या दुकानात तासन्‌तास बसतो, जाऊ द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पोरगा सोळाचा, दहावीचे विषय राहिलेत, घरात आदळआपट, बाहेर मारामाऱ्या, अन्‌ आता गल्लीतल्या सुताराकडं जाऊन बसायलाय. माझं मत, जाऊ द्या, पण त्याच्याकडून लगेच कमाईची अपेक्षा धरू नका.

आमच्या भाच्याचं सांगतो. दाजी गेले अन्‌ पोरगं पार बिथरलं, कुणाचंच ऐकेना, शेवटी ताईनं त्याला माझ्याकडं सेलूला आणून सोडलं. आमच्या शेजारी एक म्हातारे मिस्त्री आहेत, काम बहुतेक प्लायवूड-सनमायकाचंच, पण मिरगाच्या तोंडावर अजूनही पेरणीच्या दोनचार तिफणी दुरुस्तीला येतात त्यांच्याकडं. हे येडं तिथं जाऊन बसायचं. मिस्त्रीनं आधी नुसता रंधा दिला हातात. लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला की फळी उपटती, खपल्या निघतात, तीच फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून मारली की कांद्याच्या सालीसारखी पातळ ढलपी सुटती. हे त्याला कुणी सांगितलं नाही, फळ्या खराब करत करत त्याचं त्यालाच कळलं, अन्‌ मिस्त्री एका शब्दानं बोलले नाहीत. शाळेत चुकलं की सगळ्या वर्गासमोर इज्जत निघायची ना, इथं फळी गेली की दुसरी घ्यायची, बस.

मग त्यानं बाभळीचं चाढं कोरलं, म्हणजे तिफणीवर बसतं, ज्यातून पेरताना बी खाली सोडतात ते. दिसायला वाटीएवढं असतंय, पण खालची तिन्ही भोकं सारखी नसली तर पेरणीच्या एका ओळीत बी दाट अन्‌ दुसरीत विरळ पडतं. मिस्त्रीनं वरून मूठभर ज्वारी सोडली, खाली बघितलं, एक भोक थोडं मोठं करायला लावलं, परत सोडली. तिसरीकडं तोंड करून म्हणाले, 'लाव तिफणीला'. त्या दिवशी पोरगं जेवताना आपणहून बोललं राव, आम्ही सगळे बघतच राहिलो.

राग एकदम गेला असं नाही हं, अजूनही मधूनच भडकतो. तुमचा मुलगा गप्पगप्प राहत असेल, जिवाचं काही बोलत असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

कागदाचं म्हणाल तर आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा असतो अन्‌ आठवी पासवर चालतो, जवळच्या आयटीआयला आहे का ते चौकशी करा, फॉर्म ऑनलाइनच असतात. दहावीचे राहिलेले विषय नंतर शाळेतूनच पुनर्परीक्षार्थी म्हणून फॉर्म भरून देता येतात. पहिल्याच दिवशी दोन्हीचा तगादा लावू नका, बिचकतंय पोरगं.

अन्‌ पाठवायच्या आधी त्या मिस्त्रीकडं एकदा स्वतः जाऊन चहा प्या. दुकानात गुटख्याच्या पुड्या पडल्यात का, संध्याकाळी बाटली निघती का, पोरांना शिव्या घालतो का, हे बघा. कटर मशीनला एवढ्यात हात लावू द्यायचा नाही हेही तिथंच तोंडावर सांगा, चांगला कारागीर असल तर राग मानणार नाही.