नॉमिनी थोरला, मग घर कोणाचं?

‘यांनी सोसायटीच्या फॉर्मवर थोरल्याचं नाव घातलं होतं. म्हणजे घर त्याचंच झालं ना? मग लेकीला मी काय देणार?’

नेरुळच्या ६८ वर्षांच्या काकू समुपदेशनाला आल्या तेव्हा हाच प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) नवरा आठ महिन्यांपूर्वी गेलेला, मृत्युपत्र नाही. थोरला पुण्याला, मुलगी डोंबिवलीला, धाकटा आईजवळ. थोरल्याने हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला होता, आई आणि दोन्ही भावंडांनी त्याच्या नावे सही करायची. ‘कागद एका नावावर असला की सोपं पडतं,’ हे त्याचं म्हणणं. त्यात कपट नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक, असं तोही खरोखरच समजत होता.

तसं नसतं. नॉमिनी हा राखणदार. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद गेल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस दाखल होईपर्यंत. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं की नॉमिनेशनने वारसाहक्क बदलत नाही. मग नॉमिनेशन कशाला? मेंटेनन्सची बिलं कोणाला पाठवायची, पत्रव्यवहार कोणाशी करायचा, हे सोसायटीला कळावं म्हणून. उपयोग आहे, पण तेवढाच.

वारस कोण, हे हिंदू वारसा कायदा १९५६ सांगतो. नवऱ्याच्या स्वकष्टार्जित घरात बायको, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा. त्याची आई हयात असेल तर तिचाही. मुलीचं लग्न झालंय की नाही, याने काही फरक पडत नाही. सासूबाई कधीच गेलेल्या, म्हणून काकू धरून चौघांना पाव-पाव, असं वरवर दिसत होतं.

पण पिशवीतून खरेदीचा करारनामा निघाला आणि हिशेबच बदलला. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर फक्त काकांचं नाव, मात्र करारनाम्यात ‘खरेदी घेणार’ म्हणून दोन नावं होती, काका आणि काकू. इंडेक्स टू वरही, म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्यावरही, दोन्ही. कोणी किती पैसे घातले याचा वेगळा पुरावा नसेल तर अशा वेळी निम्मा-निम्मा हिस्सा धरला जातो. म्हणजे निम्मं घर काकूंचं आधीपासूनच होतं. वारसांत वाटायचा तो काकांचा निम्मा भाग, त्याचे चार वाटे. काकूंकडे एकूण पाच अष्टमांश, मुलांकडे प्रत्येकी एक अष्टमांश. थोरल्याच्या मसुद्यावर सही झाली असती तर पाच अष्टमांशांची मालकीण स्वतःच्याच घरात पाहुणी झाली असती. घरात माणूस गेलं की लोक आधी शेअर सर्टिफिकेट शोधतात. शोधायचा असतो तो करारनामा.

हक्कसोडपत्राची कल्पना चांगली होती, दिशा उलटी होती. तिन्ही मुलांनी आपापला अष्टमांश आईच्या नावे सोडावा, असं ठरलं. हा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो; नोटरी केलेला कागद चालत नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. वारसाहक्काने आलेला वाटा जवळच्या नात्यात विनामोबदला सोडताना मुद्रांक शुल्क बाजारभावाच्या टक्क्यांत नसतं, ठरावीक छोटी रक्कम असते. नोंदलेला दस्त, मृत्यूचा दाखला आणि वारसांची प्रतिज्ञापत्रं सोसायटीला दिली की शेअर सर्टिफिकेटच्या मागे नाव चढतं. नवी मुंबईत आणखी एक पायरी विसरली जाते. सिडकोच्या नोंदीत जुनं नाव असेल तर तिथेही हस्तांतर करून घ्या, नाहीतर विक्रीच्या वेळी गाडी तिथेच अडते.

काकूंना मग धाकट्याला घर लगेच बक्षीसपत्राने द्यायचं होतं. तो सांभाळतो, हे खरं. पण बक्षीसपत्र झालं की घर त्याच दिवशी हातातून गेलं. पुढे त्याने सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ खाली ते रद्द करण्यासाठी दाद मागता येते, पण सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असेल तर बाजू भक्कम राहते. आणि म्हातारपणी दाद मागत फिरायचं कोणी? मृत्युपत्र बरं, ते हवं तेव्हा बदलता येतं आणि शेवटचं तेच चालतं.

त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद पुरतो. दोन साक्षीदार हवेत. दोघांनीही काकूंना सही करताना पाहिलेलं असावं आणि त्यांच्यासमोर स्वतः सही करावी. ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत, आणि साक्षीदार काकूंपेक्षा वयाने लहान असलेले बरे. मन-बुद्धी ठीक असल्याचा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली चांगली.

काकूंच्या पहिल्या मसुद्यात ‘घर धाकट्याला, बँकेतली १२ लाखांची एफडी मुलीला’ असं होतं. वाचायला छान, पण उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एफडी मोडली तर मुलीच्या वाट्याला फक्त ते वाक्य उरेल. म्हणून ठरावीक एफडी न लिहिता घरात मुलीचा आणि थोरल्याचा प्रत्येकी २५ टक्के हिस्सा, धाकट्याचा ५० टक्के, असं लिहिलं. धाकट्याने दोघांचे पैसे देऊन त्यांचे हिस्से घ्यायचे असतील तर दोन वर्षांची मुदत. बाकी जे काही शिल्लक असेल ते तिघांत सारखं. धाकट्याला जास्त का, तेही दोन ओळींत लिहिलं, कारण कोर्टकचेऱ्या बहुतेक वेळा कमी वाट्यापेक्षा न सांगितलेल्या कारणाने पेटतात.

शेवटी सोसायटीत काकूंच्या नावाने नॉमिनेशनचा नवा फॉर्म गेला, तीन प्रतींत. त्यात तिघांची नावं, आणि प्रत्येकासमोर मृत्युपत्रात आहेत तेच टक्के.